कासीम सारंगांच्या घरची अंडी

आमच्या घराण्यात कुणी कधी मासा खाल्ला नाही, आणि मी जन्मभर माशांवर पोट भरलं. चौलात येऊन तुम्ही माझं खरं नाव विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. 'मासेभट कुठे राहतात' म्हणालात तर कुणीही वाडीच्या बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत, आणून सोडील.

मासे विकायचे, पण ते खाण्याचे नव्हेत, बघण्याचे. स्वातंत्र्यानंतरची काही वर्षं मी गिरगावात मामांकडे राहून एका पारशी गृहस्थांच्या दुकानात काम केलं. लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीत काचा बसवून, सांध्यांत लांबीचा लगदा भरून पेट्या तयार करायच्या, मासे वाढवायचे आणि गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात नेऊन मांडून द्यायचे, हे सगळं तिथे शिकलो. मालक वारले, दुकान मिटलं, तेव्हा मी तुपाच्या दोन रिकाम्या डब्यांत मासे घालून रेवसच्या लाँचने घरी आलो. आमच्या वाडीत विहीर होती, रहाट होता आणि रहाटाचं पाणी पडायला भलीमोठी दगडी डोण होती. मासे डोणीत सोडले आणि धंदा सुरू केला.

आप्पा, म्हणजे माझे वडील, दोन दिवस डोणीकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी पानावर बसताना म्हणाले, "विटाळ मेलेल्या माशाचा असतो. जिवंताचा असल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. तेव्हा तुझे मासे जगव, म्हणजे आपला वाद नको." धंद्याचा एवढा नेमका उपदेश मला मुंबईतही कुणी केला नव्हता.

थळची एक कोळीण टोपली घेऊन आमच्या रस्त्याने जायची. तिने एकदा डोणीत डोकावून पाहिलं. त्यात गप्पी मासे होते, बोटाच्या पेराएवढे.

"भाऊ, ह्यो मावरा कालवनाला कवा येनार?"

"हा खायचा नाही, मावशी. नुसता बघायचा."

तिने माझ्याकडे दयेने पाहिलं. "बगायचंच तर दर्या काय वाईट हाय?" असं म्हणून ती निघून गेली. 

गिऱ्हाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: मासे पिल्लं देतात की अंडी? दोन्ही. गप्पीसारखे काही मासे सरळ पोहती पिल्लं देतात, बाकीचे अंडी घालतात. पण नव्या पेटीत पहिली अंडी दिसतात ती बहुधा माशांची नसतातच. ती असतात पाण्यातल्या गोगलगाईंची. पाणवनस्पतींच्या पानांना चिकटून एखादी बारीकशी गोगलगाय पेटीत येते आणि थोड्या दिवसांनी काचेवर आतून साबुदाण्याच्या खिरीसारखा एक थेंब दिसू लागतो. नीट पाहिलं तर त्यात टाचणीच्या टोकाएवढे ठिपके असतात. गिऱ्हाईक धावत येतं, 'माशांनी अंडी घातली', आणि मला त्याचा आनंद मोडावा लागतो.

अलिबागेतल्या एका गुजराती शेटजींच्या पेढीवर मी पेटी मांडून दिली होती. महिन्याभरात त्यांचं बोलावणं आलं. काचेवर पाच-सहा थेंब होते.

"आ शुं छे, भाई?"

"गोगलगाईची अंडी. फडक्याने पुसून टाका."

शेटजींचा चेहरा उतरला. "पुसून? पण अंदर जीव छे ने?"

 शेटजींनी एकही अंडं पुसू दिलं नाही. गोगलगाईंना ही बातमी कळली असावी. पुढच्या खेपेला पेटीत मासे शोधावे लागत होते. शेवटी असं ठरलं की मी अधूनमधून जायचं, जास्तीच्या गोगलगाई पाण्याच्या डब्यात भरायच्या आणि सन्मानाने चौलास न्यायच्या. मी त्या विहिरीजवळच्या एका हौदात सोडत असे. आप्पांनी त्या हौदाला 'पांजरपोळ' असं नाव ठेवलं. शेटजी एकदा मुद्दाम घोडागाडी करून ती पाहून गेले आणि प्रसन्न झाले.

अशी गिऱ्हाइकं पुष्कळ झाली. पण हे लिहायला घेतलं ते कासीम सारंगांसाठी.

कासीम सारंग रेवदंड्याचे. रेवस ते भाऊचा धक्का या लाँचवर सारंग, म्हणजे लाँच हाकणारा, म्हणून त्यांचं सारं आयुष्य गेलं होतं. खाडीतला गाळ कुठे सरकला, वारा कधी फिरणार, हे त्यांना पायाखालच्या फळीवरून कळतं, असं लोक म्हणत. एके दिवशी धक्क्यावरच्या शेवाळावर त्यांचा पाय घसरला आणि मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं. कित्येक महिने पायाला वजन बांधून पडून राहावं लागलं. हाड जुळलं, पण सारंग उठेनात. जमिनीला पाय टेकला की कळ येते, म्हणून टेकायचाच नाही. डॉक्टर समजावून दमले. "आता चालला नाहीत तर पाय कायमचा आखडेल," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. सारंग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

ही सगळी हकीकत मला त्यांच्या मुलीकडून कळली. झुबेदा तिचं नाव. रेवदंड्याच्या उर्दू शाळेत ती शिकवायची. आई लहानपणीच गेलेली, घरात बापलेक दोघंच. तिचा निकाह झाला होता, नवरा मुंबईला गोदीत कारकून होता. रुखसती, म्हणजे सासरी पाठवणी, तेवढी राहिली होती. बाप अंथरुणाला खिळल्यावर तिने ती पुढे ढकलली. बाप रोज ओरडायचा, "तू जा तुझ्या घरी," आणि ती रोज सांगायची, "तुम्ही उठा, मी जाते." सासरच्या माणसांनी समजुतीने घेतलं होतं, पण समजूतही किती दिवस पुरणार.

एका दुपारी शाळा सुटल्यावर ती आमच्या वाडीत आली. डोणीजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, अब्बांच्या खोलीतून दर्या दिसत नाही. एवढी वर्षं पाण्यावर काढलेला माणूस भिंत बघतोय. तुमच्याकडचं थोडं पाणी आमच्याकडे आणून ठेवाल?"

पेटी मागण्याची अशी रीत मी आधी ऐकली नव्हती आणि नंतरही ऐकली नाही.

माझ्याकडची सगळ्यांत चांगली पेटी मी टांग्यातून रेवदंड्याला नेली. वाडीतल्या पाणवनस्पती लावल्या आणि मुंबईहून आणलेले चार एंजल मासे सोडले. एंजल म्हणजे चपटा, रुपेरी, अंगावर काळे उभे पट्टे असलेला आणि वरखाली लांब पर सोडलेला मासा. शिडाच्या होडीसारखा दिसतो. मला वाटलं, सारंगांना ती शिडं आवडतील.

सारंगांनी मान वळवून एकदा पाहिलं. "भटजी, हे मासं काय? आमच्या जाळ्यात आलं तर आम्ही परत टाकतो." आणि पुन्हा भिंतीकडे तोंड.

पण मान एकदा वळली की पुन्हा वळते. आठवड्याभराने मी पाणी पाहायला गेलो तर सारंग कुशीवर वळून पेटीकडे बघत होते, आणि मला पाहताच त्यांनी बातमीपत्र सुरू केलं. मोठा मासा सकाळी डाव्या कोपऱ्यात असतो, दुपारी वर येतो. धाकटा घाबरट हाय. पानाखालून एक शंख निघालाय. काचेवरची त्याची अंडी झुबेदा सुरीने खरवडायला निघाली होती, तिला थांबवलं.

"कशाला थांबवलंत? वाढतील ना," मी म्हटलं.

"वाढू दे. घरात कुनी तरी वाढतंय."

त्या दिवसापासून झुबेदा मला दारापर्यंत सोडायला येऊ लागली आणि हळू आवाजात सांगू लागली, की अब्बांनी आज दोनदा चहा मागितला, आज शेजाऱ्याला हाक मारून पेटी दाखवली. तेवढ्यावर ती खूश असे.

मग एक दिवस सारंग म्हणाले, "दोघांनी मिळून बाकीच्या दोघांना पार कोपऱ्यात हाकललंय. भांडन न्हाय हे. घर मांडतायत."

त्यांचं निदान बरोबर होतं. जोडी जमली की एंजल आपली जागा राखतात. अंडी घालायला त्यांना उभा, गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. रुंद पान चालतं, पण पाटीचा दगड उत्तम. झुबेदाने शाळेतल्या फुटक्या पाटीचा एक लांबट तुकडा आणला. तो मी पेटीत तिरका उभा केला आणि बाकीचे दोन मासे घरी नेले. त्या आठवड्यातच मादीने पाटीवर ओळीने अंडी घातली, मोहरीहून बारीक, मधाच्या रंगाची. नर-मादी आळीपाळीने परांनी त्यांना वारा घालू लागले. सारंगांनी दिवसभर डोळे हलवले नाहीत.

सकाळी पाटी कोरी. वर फक्त एक गोगलगाय बसलेली.

मला निरोप आला तो जवळजवळ फौजदाराला बोलावल्यासारखा. "तो शंख," सारंग म्हणाले, "मी त्याला आसरा दिला आनि त्यानं पोरं खाल्ली." मी सांगून पाहिलं की गोगलगाय बहुतेक वेळा मेलेली, बुरशी आलेली अंडीच खाते, चांगल्या अंड्यांवर पहारा असताना तिला जवळ कोण येऊ देतो? पण साक्षीपुरावा तिच्या विरुद्ध होता. मी पेटीतली एकूण एक गोगलगाय वेचली आणि पांजरपोळीत नेऊन घातली.

थोड्या दिवसांनी पुन्हा अंडी आली. या वेळी मी गेलो तेव्हा सारंग पाठीवर पडून आढ्याकडे पाहत होते.

"भटजी, आईनंच खाल्ली. माझ्या डोळ्यादेखत. एकेक वेचून."

मी पेटीजवळ बसलो आणि त्यांना सांगितलं, की हा मासा वाईट नव्हे, बिचकणारा आहे. नवी जागा, नवी जोडी, कुणाची सावली पडली, भांडं वाजलं, की अंड्यांची धडगत नाही असं त्याला वाटतं आणि तो ती गिळून टाकतो. पुष्कळ जोड्या पहिली काही अंडी अशीच घालवतात.

सारंग पुन्हा कुशीवर वळून मादीकडे पाहू लागले. मग म्हणाले, "म्हनजे तिला पान्याचा भरवसा न्हाय."

"तसंच."

"आनि आपन त्या शंखाला फुकट हद्दपार केलं." त्यांनी मला बजावलं, की पुढल्या खेपेला दोन गोगलगाई परत आणायच्या. मी आणल्या.

आता राहिला एकच उपाय. अंडी घातली की पाटी उचलून वेगळ्या बरणीत ठेवायची, पाण्यात बुरशी धरू न देणारं निळं औषध थेंबभर घालायचं, आणि आईबाप जो वारा घालतात तो आपण घालायचा. मुंबईत त्यासाठी विजेचा पंप असे. सारंगांच्या घरी वीज नव्हती. पण पारशी मालकांनी मला एक युक्ती शिकवली होती. लॉरीच्या चाकाची जुनी ट्यूब सायकलच्या पंपाने फुगवायची, तिच्या तोंडाला बारीक रबरी नळी जोडायची, नळीच्या दुसऱ्या टोकाला सच्छिद्र दगड लावून तो बरणीत सोडायचा आणि नळी चिमट्याने आवळायची. मग ट्यूबमधली हवा बुडबुड्या-बुडबुड्याने बाहेर येते. दर दोन-तीन तासांनी पुन्हा पंप मारावा लागतो, एवढंच.

तिसऱ्यांदा अंडी आली तेव्हा हा सगळा सरंजाम घेऊन मी पोचलो. सारंगांच्या खाटेशेजारी तिपाई होती, तिच्यावर बरणी ठेवायला निघालो, तेवढ्यात झुबेदा म्हणाली, "भाऊ, इथं नको. पडवीत ठेवा. आत जागा नाही."

मी तिच्याकडे पाहिलं. खोलीत म्हैस बांधता आली असती. ती माझ्याकडे न पाहता पदर सारखा करत होती. मी बरणी उचलली आणि पडवीत नेली.

"जागा न्हाय म्हने," आतून सारंगांचा आवाज आला. "ह्या खोलीत मी लाँच वळवून दावीन." पण आम्ही दोघंही बहिरे झालो होतो. ट्यूब फुगवली, बुडबुडे सुरू झाले. त्यांचा बारीक आवाज आत खाटेपर्यंत नीट ऐकू जात होता. पंप दाराशी ठेवून झुबेदा शाळेत गेली. मधल्या वेळात हवा भरायला शेजारीण येईल, असं ठरलं होतं.

मला चैन पडेना. पाटीवरची अंडी, बापाचा पाय आणि मुलीचा संसार असं सगळं एका लॉरीच्या ट्यूबवर ठेवून मी घरी आलो होतो. दुपारचं जेवण उरकलं आणि पुन्हा रेवदंड्याची वाट धरली.

अंगणात शिरलो तर पडवीत कासीम सारंग जमिनीवर बसलेले. पाठ खांबाला टेकलेली, दुखरा पाय सरळ पुढे, घामाने सदरा भिजलेला. दोन्ही हातांत सायकलचा पंप. खाटेपासून पडवीपर्यंत एक खुर्ची आडवीतिडवी ढकलत आणल्याच्या खुणा शेणाने सारवलेल्या जमिनीवर उमटल्या होत्या. बरणीत बुडबुडे उसळत होते.

"शेजारीण आली नाही?" मी विचारलं.

"आवाज बंद पडला. हाका मारल्या, कुनी न्हाय." ते दम खात म्हणाले. "इंजिन बंद पडल्यावर सारंग झोपून ऱ्हातो काय?"

मी पायाकडे पाहिलं. "दुखतंय का?"

"दुखतंय तर. तू आधी अंडी बघ."

अंडी ठीक होती. दोन-चार पांढरी पडली होती, ती मी पिसाच्या टोकाने काढली. बाकीच्यांत काळा ठिपका दिसू लागला होता. मी सारंगांना भिंग दिलं. त्यांनी ते डोळ्याला लावलं आणि बराच वेळ परत दिलं नाही.

शाळा सुटल्यावर झुबेदा आली. अंगणातच थबकली. मला वाटलं, ती रडेल किंवा धावत येऊन बापाला उठवील. तिने यातलं काही केलं नाही. चपला काढल्या, आत गेली आणि चहाचं आधण ठेवलं. चहा देताना एवढंच म्हणाली, "अब्बा, चिमटा थोडा सैल आहे, हवा लवकर संपते."

"ते मला कळतं," सारंग म्हणाले.

त्यानंतर बरणी आत आणायची भाषा कुणी केली नाही. सारंग रोज पडवीत येऊ लागले, आधी खुर्चीला धरून, मग भिंतीला, मग काठीवर. डॉक्टरांनी येऊन पाय पाहिला आणि कोणतं औषध लागू पडलं म्हणून विचारलं. सारंगांनी बरणीतल्या निळ्या पाण्याकडे बोट दाखवलं.

अंड्यांतून शेपट्या फुटल्या. पिल्लं पाटीला डोक्याने चिकटून थरथरू लागली आणि काही दिवसांनी सुटून पोहू लागली. आता त्यांना खायला हवं होतं, आणि तेही जिवंत, त्यांच्या तोंडात मावेल असं. मुंबईत त्यांना उकडलेल्या अंड्याचा बलक गाळून देत. पण त्याने पाणी लगेच नासतं. इथे सारंग कामी आले. त्यांच्या हाताखाली काम केलेला एक खलाशी धरमतरकडचा आगरी होता. मिठागराच्या खाऱ्या पाण्यात बारीक तांबूस किडे वळवळतात, हे सारंगांना त्याच्याकडूनच ठाऊक झालेलं. त्यांनी निरोप धाडला. खलाशी बाटली भरून घेऊन आला आणि अंगणातून म्हणाला, "सारंग, ह्ये पानी कशाला पायजे? मीठ संपलं व्हय घरात?"

सारंग काठी टेकत बेड्यापर्यंत त्याला सामोरे गेले. खलाशी बाटली विसरून त्यांच्या पायांकडेच बघत राहिला.

ते पाणी आम्ही फडक्यातून गाळलं, किडे गोड्या पाण्याने धुतले. मोठे किडे एंजलांना घातले आणि नुकते फुटलेले, धुळीच्या कणाएवढे, पिल्लांना. पिल्लं अशी तुटून पडली की त्यांची पोटं नारिंगी दिसू लागली. काही मेली, तशी मरतातच. पण पुष्कळ जगली, आणि दीड-दोन महिन्यांत प्रत्येकाला चिमुकली शिडं फुटली.

मला तेव्हा मोह झाला. आमच्या भागात कुणी एंजलची वीण काढल्याचं मी ऐकलं नव्हतं. मुंबईच्या दुकानदारांना ती दाखवावी, चार लोकांत नाव व्हावं, असं वाटलं. सारंगांकडे शब्द टाकला. ते म्हणाले, "भटजी, माझी सगळी लाँच माग. ही मागू नको." त्यांची स्वतःची लाँच कधी नव्हती, पण मी विषय सोडला. पुढे त्याच जोडीने बरीच अंडी घातली, एक वेळ स्वतः वाढवलीही. मी मात्र तो वाण राखायला हवा होता. तो राखला नाही, याची हळहळ अजून आहे.

झुबेदाची रुखसती ठरली. सारंगांनी पिल्लांमधली सहा निवडली, तोंडाला मलमल बांधलेल्या काचेच्या बरणीत ठेवली आणि सांगितलं, की मुलीच्या सामानात ही बरणी जाईल आणि ती आपण स्वतः धक्क्यापर्यंत नेणार. रेवदंड्याहून रेवसपर्यंत एस.टी.त त्यांनी बरणी मांडीवर धरली होती. मी सोबत होतो. गोदीतल्या कारकुनाच्या घरी पेटी मांडून द्यायचं काम माझ्याकडे होतं.

रेवसच्या धक्क्यावर लाँच लागली होती. नवा सारंग पोरसवदा होता. कासीम सारंग काठीवर उभे आहेत हे पाहून तो खाली उतरला, त्यांना सलाम केला आणि बसायला खुर्ची आणवली. ते बसले नाहीत. फळीवरून आधी सामान चढलं, मग नवऱ्याकडची माणसं, मग झुबेदा. तिने वळून बापाकडे पाहिलं. त्यांनी बरणी माझ्या हाती दिली, मी लाँचवर चढून ती तिच्याकडे पोचवली. तिने ती दोन्ही हातांनी छातीशी धरली. आता तिचे डोळे भरले होते, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

दोर सुटला. कासीम सारंग काठी टेकत धक्क्याच्या अगदी कडेला गेले आणि नव्या सारंगाला हाक मारली.

"ए पोरा, बाहेर पान्याला जोर हाय. घाई करू नको. हळू घे." लाँच कडेपासून सुटली तशी त्यांनी आवाज चढवला. "आत माझी पोरं हायत."